डावा स्पीकर दबलाय

मी वाशिंदच्या एका कारखान्यात मापं तपासते. कामगार ज्या गेजने वस्तू मोजतात, ती गेजच बरोबर आहेत का, हे बघणं माझं काम. त्यामुळे घरात कोणी 'अंदाजे' म्हटलं की माझं डोकं फिरतं. आणि संसार करते आहे तो अंदाजावरच जगणाऱ्या माणसाशी.

माझे यजमान शहापूरजवळच्या आमच्या गावात भजनी मंडळात पखवाज वाजवतात. वाजवण्याआधी पखवाजाच्या डाव्या तोंडावर कणकेचा गोळा थापावा लागतो, मगच तो घुमतो. किती थापायचा याला माप नाही. थाप मारायची, ऐकायचं, चिमूटभर लावायची किंवा काढायची. हे ठरवतात ते एकटे, आणि त्यांनी ठरवलं की मंडळात कोणी 'पण' म्हणत नाही. कणीक मळून द्यायचं काम मात्र लग्नापासून माझ्याकडे.

गेल्या वर्षी त्यांनी हौसेने स्पीकरची जोडी आणली. मंडळाची जुनी रेकॉर्डिंग घरी नीट ऐकायची म्हणून. दुसऱ्याच दिवशी निकाल लागला.

"डावा स्पीकर दबलाय गो. परत करून येतो."

"दबलाय म्हणजे काय?"

"दबलाय म्हंजे दबलाय. थाप पडते, पन तिला आंग नाय."

आता 'आंग' कशात मोजतात ते मला कारखान्यात कोणी शिकवलेलं नाही. दुकानदार आठवडाभरात माल परत घेणार होता, पण कारण विचारणार होता. मी म्हटलं, थांबा, आधी मोजू. मला कित्येक दिवस हवा असलेला मोजणीचा छोटा माइक यानिमित्ताने मागवला. तो लॅपटॉपला जोडायचा आणि स्पीकरमधून एक आवाज सोडायचा. अगदी खालच्या घुमण्यापासून तो चढत चढत शिट्टीपर्यंत जातो आणि पडद्यावर त्याची रेघ उमटते. उजव्याची रेघ काढली, डाव्याची काढली. दोन्ही एकमेकींवर नीट बसल्या.

"बघा. दोन्ही सारखे."

"त्या डबीनं कदी भजन ऐकलंय?"

मी चिडले. पण खरं सांगायचं तर मला गंमतही वाटायला लागली होती. हा माणूस उगाच बोलणाऱ्यांतला नाही. पेटीची एक पट्टी किंचित उतरलेली त्यांनी देवळाबाहेर चपला काढताना ओळखलेली मी पाहिली आहे. माइक खोटा नव्हता आणि हेही खोटे नव्हते. मग चुकत होतं काय?

पुढचे काही दिवस कामावरून आले की चहा घ्यायचा आणि खोलीत घुसायचं, एवढाच माझा उद्योग. त्यांना डोळे मिटून बसवलं आणि गुपचूप स्पीकरची अदलाबदल केली. तरी दबलेला डाव्या हाताचाच. वायरी फिरवल्या. डावाच. मग मला वाटलं, खोलीचा दोष असेल. डाव्या अंगाला आम्ही भाताची पोती रचलेली होती आणि पोती आवाज पितात. तेवढी सगळी पडवीत ओढली. कंबरेचा काटा ढिला झाला, रेघेत नावाला फरक पडला, आणि त्यांचं पालुपद तेच.

"कंपनीत पन असाच जीव खातेस काय लोकांचा?" ते म्हणाले.

सगळं हलवून झालं होतं. हलवायची राहिली होती फक्त त्यांची खुर्ची. ती मी उलटी केली. भिंतीकडचं तोंड दाराकडे आलं, म्हणजे ज्या बाजूला आतापर्यंत डावा स्पीकर होता ती बाजू आता त्यांच्या उजव्या हाताला आली. तीच रेकॉर्डिंग लावली.

ते बराच वेळ ऐकत राहिले. "आता पन डाव्या हाताचाच," असं म्हणाले. मग त्यांनी उजव्या कानात बोट घातलं, ऐकलं, बोट काढलं. कोडं सुटलं होतं आणि ते सुटायला नको होतं, असं मला वाटलं.

कल्याणच्या डॉक्टरांनी कान तपासून कागदावर दोन रेघा काढून दिल्या. त्या मला वाचता येतात. एक बरी होती, डाव्या कानाची खाली उतरत गेलेली. नस कमजोर झालीय, गेलेलं परत येणार नाही, असं ते म्हणाले.

घरी आल्यावर यजमान म्हणाले, "म्हनून पीठ जास्त लागत होतं मला."

मी परातीजवळच उभी होते. पखवाजाचं डावं तोंड त्यांच्या डाव्या कानाच्या बाजूला असतं. पूर्वी मी लिंबाएवढा गोळा द्यायची. गेली दोनेक वर्षं ते "अजून दे, अजून दे" म्हणत होते आणि मी देत होते. वरून "पखवाजाला पोळ्या करून घालू का?" अशी चेष्टाही करत होते. जगाची मापं तपासणाऱ्या बाईच्या हातात तो गोळा वाढत गेला, आणि तिला त्यात मोजण्यासारखं काही दिसलं नाही.

"आता मंडळात काय सांगू?" त्यांनी विचारलं. पखवाज सुटला तर या माणसाचं काय उरेल, एवढाच विचार डोक्यात होता.

गुरुवारी संध्याकाळी ते नेहमीसारखे भजनाला देवळात जाऊन बसले. मी बायकांच्या बाजूला खांबापाशी बसले होते. सवयीने त्यांनी भरपूर कणीक थापली, थाप मारली, मान तिरकी केली. टाळकरी थांबलेले. आणि मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

माझ्याजवळ माइक नव्हता. मी डोळे मिटले. त्यांनी पुन्हा थाप मारली. आवाज जड होता, ओल्या पोत्यासारखा. मी चिमूट दाखवली, काढा. त्यांनी काढली. पुन्हा थाप. अजून काढा. तिसऱ्या थापेला तो आवाज फरशीतून माझ्या मांडीपर्यंत आला, आणि आंग म्हणजे काय ते मला कळलं. मी मान हलवली.

त्यांच्या कानाला तो दबलेलाच लागला असणार. काढून हातात घेतलेल्या कणकेकडे त्यांनी क्षणभर बघितलं, ती बाजूला ठेवली आणि पेटीवाल्याला म्हणाले, "हां, घ्या सूर."