घड्याळाच्या जागचा डाग

धांदल्याने आयुष्यात पहिल्यांदा वहिनीला आयता चहा द्यायचं ठरवलं आणि दिला तो थेट तिच्या मनगटावर. सांडशी सुटली, पातेलं कलंडलं, आणि "वहिनी, साखर बघा ना" हे वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

दुसरं कुठलं मनगट असतं तर एक वेळ निभावलं असतं. वहिनीचं डावं मनगट म्हणजे तिची नोकरी. घड्याळांच्या दुकानात ती काउंटरवर उभी राही. गिऱ्हाईक घुटमळलं, की ते घड्याळ स्वतःच्या हातावर बांधून दाखवी. या हातावर भिंतीवरचं घड्याळसुद्धा खपेल, असं मालक म्हणत. आणि उभी राही म्हणजे अगदी उभीच. बसलेला माणूस बघून गिऱ्हाईक आल्या पावली परत जातं, अशी मालकांची ठाम समजूत. घरी आली की वहिनी आधी गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडी, मग माणसांत येई.

जखम भरली, पण तिच्या जागी लालसर, जाड वण उठला. मालक हळहळले. "हा बसेपर्यंत तुम्ही मागच्या खोलीत काम करा. लोक घड्याळ सोडून यालाच बघतात."

वहिनीची जागा आपण घालवली, ती आपणच परत मिळवून द्यायची, असा धांदल्याने विडा उचलला. तो मिळतील ती मलमं आणत सुटला. त्यांतलं एक कांद्याच्या अर्काचं होतं.

"कांद्याने वण जातो का हो?" त्याने डॉक्टरांना विचारलं.

"डोळ्यांत पाणी येतं, एवढं खात्रीने सांगतो," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी सिलिकॉनची जेल लिहून दिली. जखम पूर्ण मिटली आहे, तेव्हा आता चालेल. सकाळ-संध्याकाळ पातळ हात फिरवायचा, उन्हापासून जपायचं आणि महिनोन् महिने चिकाटी ठेवायची. "पुसला जाणार नाही. मऊ होईल, सपाट होईल, रंग उतरेल. तेवढंच."

त्या दिवसापासून धांदल्या गजराच्या घड्याळासारखा वाजू लागला. "वहिनी, लावलं? वहिनी, बाही खाली घ्या, ऊन आहे!"

"अरे, तिला जरा श्वास घेऊ दे," दादा वैतागला. "तू चहाला हात लावू नकोस, हेच तिचं खरं औषध."

दमल्या माणसाला वाद घालायलाही ताकद लागते. वहिनी हात पुढे करी, धांदल्या जेल लावी, आणि ती डोळे मिटून बसे.

हळूहळू वण खरंच बसू लागला. मग धांदल्याची परगावी कामं निघाली, आणि लावायचं काम वहिनीवरच सोपवावं लागलं. परतला तर वण होता तिथेच अडलेला. त्याने ट्यूब दाबून पाहिली. तो गेला तेव्हा होती तेवढीच भरलेली. न्हाणीघरात पायांची बादली कोरडी, पालथी पडलेली.

"वहिनी, हे काय! थोडक्यासाठी हातची जागा घालवताय. मालक रोज विचारतात, कधी येताय काउंटरवर म्हणून. लावत का नाही?"

वहिनीने बाही खाली ओढली.

"भावोजी, मागे खुर्ची आहे."