तळघराच्या जिन्यावरचं घराणं

जिवंत माणसांपेक्षा मेलेल्या माणसांची जास्त विचारपूस करणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातली आमची घरमालकीण. सई, नील, तुमचे आजोबा तिथल्या युनिव्हर्सिटीत मातीवर संशोधन करत होते, तेव्हाची, म्हणजे ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. तुमची आई तेव्हा शाळेत होती आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायला नुकतीच शिकली होती. घराच्या खालच्या मजल्यावर आम्ही राहत होतो आणि वरच्या मजल्यावर घरमालकीण एकटीच. उंच, हाडकुळी, कापसासारखे केस आणि थंडी असो वा नसो, अंगात वारलेल्या नवऱ्याचा तपकिरी कोट. आम्ही घर बघायला गेलो, तेव्हा आमची नोकरी काय, आम्ही किती वर्षं राहणार, यातलं तिनं काहीच विचारलं नाही. मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "तुझी पणजी कुठली, डिअर?" मी म्हटलं, "ठाऊक नाही." एखादा माणूस अनवाणीच घराबाहेर पडलेला दिसावा, तसं तिनं माझ्याकडे पाहिलं. घर मात्र आम्हाला मिळालं. मला वाटतं, दयेपोटी.

तिचं घराणं आयर्लंडचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे बटाट्याच्या पिकावर रोग पडला. शेतात बटाटे काळे पडले, गावंच्या गावं उपाशी मेली, आणि ज्यांना चालता येत होतं ती माणसं जहाजात बसून अमेरिकेला आली. हिची पणजी त्यांतली एक. कोवळी पोर, एकटी. ती कोणत्या गावाहून आली ते शोधून काढणं, हा आमच्या घरमालकिणीचा नोकरीतून निवृत्त झाल्यावरचा पूर्णवेळ उद्योग होता.

आता जिना समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट जिन्यावरच आहे. कपडे धुण्याचं मशीन तळघरात होतं आणि तळघरात उतरणाऱ्या जिन्याच्या भिंतीवर हिनं आपला वंशवृक्ष लिहिला होता. आपले वंशवृक्ष कागदावर असतात, हिचा पायऱ्यांवर होता. एका पिढीला एक पायरी. सगळ्यात वरच्या पायरीच्या भिंतीवर भाचवंडं, त्याखाली ती स्वतः, मग वडील, मग वडिलांची आई ओनोरा, मग ती पणजी आणि तिच्या शेजारी एक जहाज. जहाज तिनंच काढलेलं, त्यामुळे ते इस्त्रीसारखं दिसे. त्याखालच्या, तळघराला टेकलेल्या पायरीची भिंत कोरी. पणजीचे आईवडील आणि गाव तिथे यायचं होतं. नियम असा, की एक पुरावा मिळाला तर पेन्सिल, दोन मिळाले तर शाई. तिच्या एका सख्ख्या मावशीचं नावसुद्धा मावशी जिवंत असेपर्यंत पेन्सिलीत होतं म्हणतात, कारण जन्माचा दाखला सापडत नव्हता. तुमचे आजोबा मळके मोजे घेऊन निघाले, की म्हणत, "जरा दुष्काळातून जाऊन येतो."

नोकरी तिनं जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली होती, त्यामुळे अनोळखी माणसाशी बोलायला तिला कारण लागत नसे. कुठल्याही गावाची डिरेक्टरी उघडायची, पणजीचं माहेरचं आडनाव शोधायचं आणि फोन लावायचा. "तुमच्या घरात कुणाच्या हनुवटीला खळी होती का हो?" बहुतेक लोक फोन ठेवून देत. जे ठेवत नसत ते पुढे ख्रिसमसला तिला कार्ड पाठवत. बटाट्याच्या बाबतीत तर तिच्यापुढे बोलायची सोय नव्हती. एकदा भाजीसाठी मी बटाटे सोलत होते. ती दारात उभी राहून बघत होती. साली मी कचऱ्यात टाकल्या तशी हळूच म्हणाली, "एका माणसाचं जेवण टाकलंस, डिअर." तिच्या घरी बटाटा सालीसकट उकडत आणि माणसांपेक्षा एक जास्तच उकडत. तो बशीत तसाच राही. "कुणी आलं तर?" ती म्हणे. मी त्या घरात होते तोवर त्या बटाट्यासाठी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच तो परतून खाई.

माझ्यावर ती एकदाच रागावली. आमच्या आडनावातल्या 'कर'चा अर्थ मी तिला सांगितला, की आमचे पूर्वज ज्या गावचे ते गाव आम्ही आडनावात घेऊन फिरतो. तिचा काटा बशीत पडला. "म्हणजे गाव तुम्हाला फुकट मिळतं? जन्मतःच?" "हो." "आणि कसं आहे ते गाव?" मी खरं ते सांगितलं, की मी ते पाहिलेलं नाही. सासऱ्यांनीही पाहिलं नव्हतं. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गाडीचा हॉर्न वाजवून म्हणाली, "चल, तुला माझी पणजी दाखवते. आणि ती तुझी पांढरी पूड घे."

पांढरी पूड म्हणजे रांगोळी. दिवाळीत मी दाराशी काढलेली तिनं पाहिली होती. जुन्या थडग्यांवरची अक्षरं झिजून दिसेनाशी होतात. त्यांवर कोरडी रांगोळी चोळली, की खाचांत पांढरं भरतं आणि मजकूर वाचता येतो, हा शोध तिचा. मी सांगलीहून आणलेली रांगोळी अशी पेनसिल्व्हेनियाच्या दफनभूमीत कामाला आली. ती कबर डोंगराच्या उतारावर होती, कोळशाच्या बंद खाणींच्या बाजूला. गुडघ्यांवर बसून आम्ही पूड चोळली. पणजीचं नाव आलं. खाली, 'जन्म आयर्लंड'. आणि त्याखाली एका ओळीएवढी जागा गुळगुळीत तासून कोरी ठेवलेली.

"इथे गावाचं नाव यायचं," ती म्हणाली. "सगळ्यांच्या दगडावर असतं. बघ आजूबाजूला." होतंच. गाव, परगणा, सगळं. "पण पणजीनं मुलांना गाव कधी सांगितलंच नाही. एवढंच सांगितलं, की दारापुढे विहीर होती, विहिरीवर पांढऱ्या फुलांचं काटेरी झाड होतं आणि भाऊ फाटकाशी उभा राहून म्हणाला, 'तू हो पुढे, मी आलोच.' तो काही आला नाही. तिच्या मुलांनी गवंड्याला सांगितलं, 'जागा सोड, आम्ही विचारून कळवतो.' माझे वडील मला इथे आणायचे, या जागेवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, 'शोधू कधीतरी.' आता बोट फिरवायला मीच उरलेय."

तेवढ्यात मागे पोलिसाची गाडी थांबली. दोन बायका, त्यांतली एक साडीवर स्वेटर घातलेली, कबरीपाशी स्टीलच्या डब्यातून पांढरी पूड काढताहेत, हे दृश्य त्या काळी कुठल्याही पोलिसाला थांबवील असंच होतं. "मॅडम, त्या डब्यात काय आहे?" मी घाईघाईनं डब्याचं झाकण लावलं. घरमालकिणीनं मात्र वर न बघताच विचारलं, "तुझं आडनाव काय रे, बाळा?" त्यानं सांगितलं. "अस्सं! मग तुझी आजी आयर्लंडातल्या कॉर्कची असणार." बिचारा म्हणाला, "आईला विचारावं लागेल." पुढच्या रविवारी तो आईला घेऊन चहाला आला. रांगोळीची चौकशी तेवढ्यावरच थांबली.

कपड्यांच्या घड्या घालता घालता ती मला तिकडच्या रीती सांगे. पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव द्यायचं, हे तिकडे इतकं पक्कं, की नावांच्या आधारानं पिढी मोजत जाता येते. आणि कुणी अमेरिकेला निघालं, की आदल्या दिवशी शेजारीपाजारी जमत आणि मयताला रडावं तसं रडत. कारण तो माणूस पुन्हा दिसणार नाही हे सगळ्यांना माहीत असे. मी तिला सांगितलं, की आमच्याकडे याच्या उलट. निघताना 'जाते' असं म्हणायचंच नाही, 'येते' म्हणायचं. मी निघाले तेव्हा माझ्या आईनं हातावर दही ठेवलं आणि मी 'येते' म्हटल्यावरच हात सोडला. घरमालकिणीनं उशीच्या अभ्र्याची घडी अर्धवट सोडली. "येते," तिनं म्हणून पाहिलं. तिच्या तोंडी ते 'येटे' झालं, पण अर्थ बरोबर पोचला होता.

अखेर एका उन्हाळ्यात आयर्लंडच्या एका पाद्र्याचं उत्तर आलं. तुम्ही म्हणता त्या आडनावाचं एक घर इथे आहे, दारापुढे विहीर आहे, विहिरीवर तसंच झाड आहे. नवऱ्याचा कोट घालून ती विमानात बसली. परत आली तेव्हा दहा वर्षांनी लहान दिसत होती. त्या घरात एक म्हातारा शेतकरी होता, एकटा, बिनलग्नाचा. त्याच्या आजोबांची बहीण दुष्काळात अमेरिकेला गेली ती गेलीच. घरमालकीण फाटकाशी उभी राहून म्हणाली, "माझी पणजी इथून निघाली होती, असं मला वाटतं." म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली, तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "बराच वेळ लावलात." हे ती प्रत्येकाला सांगे. पोस्टमनला, पोलिसाच्या आईला, तुमच्या आईच्या बाईंनासुद्धा. "बराच वेळ लावलात!" आणि डोळे पुसे.

आता दगडावर गाव कोरलं जाणार म्हणून मी वाट बघत होते. पण शरद संपला तरी गवंड्याला निरोप जाईना. "थंडीत दगड तडकतो," ती म्हणाली. वसंत आला, तर म्हणे ओल फार आहे. जिन्याची शेवटची पायरीही कोरीच. पेन्सिलसुद्धा लागली नव्हती. म्हाताऱ्याला मात्र दर आठवड्याला पत्र जात होतं, आणि त्याच्यासाठी स्वेटर विणला जात होता.

मला सगळं जिथल्या तिथे लागतं, हे तुम्हाला माहीत आहेच. एकदा धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन वर येताना मी ओनोराच्या पायरीवर थांबले. ओनोरा पणजीची पहिली मुलगी. म्हणजे रीतीप्रमाणे पणजीच्या आईचं नाव ओनोरा असायला हवं. पण त्या घरून गेलेल्या मुलीची आई मार्गारेट होती, असं म्हाताऱ्यानं सांगितल्याचं घरमालकिणीनंच बोलता बोलता मला सांगितलं होतं. पणजीच्या मुलींत तर एकही मार्गारेट नव्हती.

मी टोपली खाली ठेवली. ती वरच्या पायरीवर लोकर गुंडाळत बसली होती.

"नावं जुळत नाहीत," मी म्हटलं.

"नाहीत." ती लोकर गुंडाळतच राहिली. "ती त्याच्या घरची मुलगी, माझी पणजी नव्हे. विहिरीवर काटेरी झाड आयर्लंडात दर मैलाला असतं."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तिथेच, त्याच्या टेबलाशी. मी पाहुणी, म्हणून तो माझ्यासाठी बटाटा सोलत होता. बोटं भाजत होती त्याची. सोलता सोलता त्याच्या पणजीचं, म्हणजे त्या मुलीच्या आईचं, नाव म्हणून मार्गारेट म्हणाला."

"मग सांगितलं का नाही त्यांना?"

"अगं, त्याच्या घरातली मुलगी परत आली होती, डिअर. तिला पुन्हा बोटीत कोण बसवणार? मी?"

तिनं लोकरीचा गुंडा मांडीवर ठेवला. मग ती म्हणाली, "पण दगडावर खोटं कोरणार नाही. पणजी काय म्हणेल? जागा कोरीच राहील आता. माझ्या हयातीत तरी." तिनं तोंड फिरवलं. आयुष्यभर जे शोधलं ते हाताशी आलं होतं. गवंड्याला एक फोन केला असता तर कुणाला कळणारही नव्हतं.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "आमच्याकडे मानलेला भाऊ असतो." ते तिला समजावून सांगावं लागलं. रक्ताचं नातं नाही, पण दिवाळीत ओवाळलं, की भाऊ झाला, जन्मभरासाठी.

"आणि पुरावा?"

"लागत नाही."

"चर्चमध्ये नोंद? कोर्टात?"

"कुठेच नाही."

"फारच बेशिस्त पद्धत आहे तुमची," ती म्हणाली. मग तिनं लोकर बाजूला ठेवली. "ती दौत दे इकडे."

तिनं स्वतःच्या पायरीवरून, भिंतीच्या कडेकडेनं, ठिपक्यांची एक रेघ काढली आणि तिच्या टोकाला म्हाताऱ्याचं नाव लिहिलं. शाईनं.

"शाईला दोन पुरावे लागतात ना?" मी म्हटलं.

"आहेत की. त्यानं टोपी काढली. आणि बटाटा सोलून दिला."

आमचं काम संपून परतायची वेळ आली, तेव्हा शेवटचे कपडे धुवायला मी तळघरात गेले. येताना पाहिलं, तर तिच्या पायरीवरून ठिपक्यांची आणखी एक रेघ निघाली होती आणि टोकाशी माझं नाव होतं. स्पेलिंग चुकलेलं, पण शाईत. माझे दोन पुरावे कोणते, ते मी विचारलं नाही. अजूनही कधी कधी मनाशी शोधत असते. निघण्याआधी आम्ही दोघी त्या कबरीवर जाऊन आलो. कोऱ्या जागेखालच्या सपाट दगडावर मी रांगोळीची दोन छोटी पावलं काढली, आत येणारी. वारा होता, टिकणार नव्हतीच. "टिकायला नको," ती म्हणाली. "पोचली म्हणजे झालं." दारात मी 'येते' म्हटलं. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. "बराच वेळ लावू नकोस, डिअर."

त्यानंतर काही वर्षांनी ती गेली. मला तिच्या भाचीनं कळवलं. घर विकलं गेलं. नव्या लोकांनी जिना रंगवला असेल, कुणीही रंगवील. सई, तुला शाळेत फॅमिली ट्री काढायला सांगितलं आहे आणि तू फोनवर मला नावं विचारलीस, म्हणून हे सगळं लिहायला बसले. तुझी आई वाचून दाखवील. नावं वेगळ्या कागदावर नीट लिहून पाठवते, चुकवू नकोस. फक्त कडेला थोडी जागा सोड, ठिपक्यांसाठी.

आणि तुमच्या मॉरिसव्हिलहून कधी गाडीनं त्या बाजूला गेलात, तर आईला दफनभूमीचा रस्ता ठाऊक आहे. तुमच्याकडच्या कपाटात वरच्या कप्प्यात मी ठेवलेली रांगोळीची पुडी असेल, ती बरोबर घ्या. पणजीच्या शेजारीच आता आमची घरमालकीण आहे. तिला सांगा, आजीला यायचं होतं. गुडघे ऐकत नाहीत. आजीनं बराच वेळ लावला.