वेलांटीसाहेबांची दुरुस्ती

माझ्या धाकट्या दिरांना ऑफिसात सगळे ‘वेलांटीसाहेब’ म्हणायचे. हे त्यांना निवृत्तीच्या समारंभात कळलं आणि ते खूश झाले. त्यांना वाटलं, मान दिला.

ऑफिसातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद त्यांच्या टेबलावरून जायचा. कागदात काय लिहिलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. वेलांटी पहिली की दुसरी, उकार आखूड की लांब, अनुस्वार आहे की माशी बसून गेली, एवढंच बघायचं आणि लाल पेन चालवायचं. एका माणसाला कामावरून कमी केल्याचा कागद यांनी तीनदा परत पाठवला, कारण टायपिस्ट ‘कमी’ची वेलांटी चुकवत होता. तेवढे दिवस त्या माणसाची नोकरी टिकली. भाऊजींच्या हातून घडलेलं पुण्य म्हणतात ते एवढंच, आणि तेही नकळत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला. आम्ही एकाच इमारतीत राहतो, ते वर, मी खाली, त्यामुळे त्या मशीनची सगळी कर्मकहाणी मी जवळून पाहिली. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी टेबल, टेबलावर मशीन, मशीनवर प्लास्टिकचं झाकण, झाकणावर टॉवेल. वापरायचं म्हणजे आधी दोन थर सोलायचे.

भाऊजींचा एक सिद्धान्त होता. मशीनच्या आत जे आधीपासून येतं ते नमुन्यापुरतं असतं, खरं काम करायला वेगळं आणावं लागतं. त्यामुळे मशीनमध्ये घड्याळ असताना त्यांनी दुसरं घड्याळ घातलं. मग दोन्ही घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवायला लागली तेव्हा भिंतीवरचं बघायला लागले. अक्षरं बारीक दिसतात म्हणून हातात धरायचं भिंग आणलं आणि स्क्रीनला नाक लावून, भिंग फिरवत वाचायला बसले, जसा सोनार हिरा तपासतो. त्यांच्या लेकीने फोनवर सांगितलं, “बाबा, भिंग मशीनमध्येच आहे. दोन बटणं दाबली की अक्षर केवढंही मोठं होतं.”

“ते नमुन्याचं असेल,” भाऊजी म्हणाले.

एका पानावरचा मजकूर दुसऱ्या पानावर हवा असला की भाऊजी तो पुन्हा टाईप करायचे. उचलून ठेवायची सोय आहे हे त्यांना माहीत होतं. पण तिचं नाव ‘कॉपी’. शाळेपासून कॉपी करणाऱ्यांना त्यांनी तुच्छ मानलं होतं, आता उतारवयात कुठे वाईट मार्गाला लागायचं. आणि फाइल शोधायची तर एकेक उघडून बघायची. ‘नवीन’ उघडायची, मग ‘नवीन नवीन’, मग ‘खरं नवीन’. शोधायची पट्टी खाली समोर दिसत असायची. एकदा मी म्हटलं, “भाऊजी, त्या पट्टीत नाव लिहिलं तर नाही का सापडणार?”

“वहिनी, तुम्ही चौथीपर्यंत शिकलात ना?”

“हो.”

“मग राहू दे.”

मी राहू दिलं. एरवीही भाऊजींच्या घरात बऱ्याच गोष्टी राहूच दिलेल्या होत्या. माझी धाकटी जाऊ त्यातलीच एक. बाई हुशार, हजरजबाबी, पण पस्तीस वर्षं तिचं बोलणं या गृहस्थांनी मध्येच तोडून दुरुस्त केलेलं. ती म्हणायची, “अहो, पाणी आलंय, बादली लावा,” तर हे म्हणायचे, “पाणी येत नाही, पाणी सोडतात.” तेवढ्यात पाणी जायचं.

मग धाकटीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जीव वाचवला, आवाज काढून घेतला. गळ्याला बारीकसं भोक, त्यावर पातळ फडका, आणि बोलायला फक्त ओठ हलायचे. भाऊजींनी पहिल्याच आठवड्यात तिला एक पांढरा बोर्ड आणि पेन आणून दिलं, आणि दुसऱ्याच दिवसापासून त्या बोर्डावर दुरुस्त्या करायला लागले. ती लिहायची ‘औषध संपल’. हे ‘ल’वर अनुस्वार द्यायचे आणि औषध आणायला विसरायचे.

बोर्डाने आमच्यासारख्यांचं भागत होतं. नातीचं कसं भागणार? लेक परगावी असते, तिची मुलगी तेव्हा साडेतीन वर्षांची. ऑपरेशनच्या आधी रोज दुपारी फोनवर एकमेकींचं तोंड बघत आजी नातीला गोष्ट सांगायची. गोष्ट एकच, धाकटीने स्वतः रचलेली, एका जाड्या मांजराची. मांजर आजोबांचे जोडे घालतं आणि जिना चढून कुठेतरी जातं. कुठे, ते रोज वेगळं. आता फोनवर आजी नुसती हसायची, हात हलवायची. नात दोन-तीन दिवस “आजी, बोल ना” म्हणाली. मग फोनसमोर बसेनाशी झाली. लेक तिला ओढून आणायची, ती मान फिरवायची. एकदा तिने आईला विचारलं, “आजी रागावलीय?” हे फोनमधून ऐकू आलं. धाकटीने बोर्ड घेतला, पेनाचं टोपण काढलं, आणि कुणासाठी लिहायचं ते न सुचून परत लावलं.

भाऊजींनी उपाय काढला. परदेशातून बोलकं यंत्र मागवायचं. कुठल्या तरी जाहिरातीत पाहिलं होतं. ते यायला सहा महिने तरी लागणार, आणि ते मराठी बोलणार की नाही हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

एका सकाळी भाऊजी फिरायला निघाले होते, पायात जोडे चढवत होते. धाकटी ओल्या फडक्याने कीबोर्ड पुसत होती. चार-पाच बटणं एकदम दबली आणि मशीन बोलायला लागलं. पुरुषी आवाजात, शांतपणे, स्क्रीनवर जे होतं ते एकेक वाचत. भाऊजी एक जोडा घालून धावत आले आणि त्यांनी प्लग उपटला.

“व्हायरस,” म्हणाले. “हात लावू नकोस. मी माणूस बोलावतो.”

संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिला हे सांगितल्यावर ती इतकी हसली की आवाजच फुटेना, मला वाटलं फोन कट झाला.

“बाबा, तो व्हायरस नाही. ज्यांना दिसत नाही त्यांना वाचून दाखवायची सोय आहे ती. मशीनमध्येच असते. आपलं काहीही टाईप केलेलं ते वाचेल. बाईचा आवाज पण घालता येतो.”

“मशीनमधलं असेल तर नमुन्याचंच असेल,” भाऊजी म्हणाले, आणि बातम्या लावून बसले.

धाकटी उठून माझ्याजवळ आली, फोन माझ्या हातातून घेतला आणि आतल्या खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी भाऊजी फिरायला गेल्यावर लेकीने फोनवरून एकेक पायरी सांगितली. सेटिंगमध्ये जा, भाषा, आवाज. मी फोन धरून उभी, धाकटीच्या हातात माऊस. मराठी कीबोर्डही आतच निघाला, स्क्रीनवर अक्षरं मांडलेला, माऊसने टिचकी मारली की उमटणारा. भाऊजींनी बाजारातून अक्षरांच्या चिकटपट्ट्या आणून बटणांवर डकवल्या होत्या. त्यातला ‘क्ष’ निघून त्यांच्या कोपराला चिकटलेला मी स्वतः पाहिलाय.

धाकटीने पहिलं वाक्य लिहिलं. एक जाडं मांजर आजोबांचे जोडे घालून चालत चालत जिना चढलं. बटण दाबलं. आतली बाई बोलली: “एक ज्याडं मांज्यर आज्योबांचे ज्योडे घालून च्यालत च्यालत जिना च्यढलं.”

आम्ही एकमेकींकडे बघितलं. धाकटीला आवाजाशिवाय हसू आलं, खांदे गदगदले. मग नातीला ऐकवलं तेव्हा मात्र हसू आलं नाही. पोर फोनमध्ये बघून म्हणाली, “ही कोण बाई? ही माझी आजी नाही,” आणि आईच्या मागे लपली.

आपण ‘चमचा’ म्हणतो तेव्हा जीभ दातांमागे लागते, ‘चिमटा’ म्हणतो तेव्हा टाळूला. लिहिताना दोन्हीकडे तोच च. ज आणि झ यांचंही तसंच. आपल्याला हे कुणी शिकवत नाही, आईच्या तोंडून येतं. त्या मशीनला आई नव्हती.

धाकटी पुढचे कितीतरी दिवस त्या मशीनशी झटत होती. कधी एक अक्षर घाल, कधी दुसरं, ऐक, पूस, पुन्हा घाल. आणि एका दुपारी तिने मला खालून हाताला धरून वर नेलं. स्क्रीनवर लिहिलं होतं: ‘एक ज़ाडं मांज़र आज़ोबांचे ज़ोडे घालून त्सालत त्सालत जिना त्सढलं.’ जिथे च दातांचा, तिथे ‘त्स’. जिथे ज दातांचा, तिथे ज खाली टिंब. ‘जिना’ तेवढा तसाच. तिने बटण दाबलं आणि आतली बाई आपल्यातली झाली. अगदी धाकटी नाही, पण एखादी मावशी तरी. मांजर खरंच चालत चालत गेलं.

तिने सबंध गोष्ट तशी लिहून काढली. रविवारी दुपारी फोन करायचं ठरलं. लेकीने आधीच बजावलं होतं, “आई, ती या वेळी घाबरली तर मी पुन्हा नाही गं बसवणार तिला. झोपेत दचकते.”

रविवारी फोनच्या जरा आधी धाकटी गळ्याचा फडका बदलायला आत गेली होती. मी वर आले तर भाऊजी मशीनसमोर भिंग घेऊन बसलेले, चेहऱ्यावर ऑफिसातलं तेज.

“वहिनी, बघा हिने काय लिहिलंय. त्सालत. आणि हे ज खाली टिंब कसलं? मराठीत असतं का असं? सगळं नीट करून ठेवलं मी.”

“अहो भाऊजी, ते मशीनसाठी—”

“मशीन असलं म्हणून काय अशुद्ध लिहायचं?”

मी काही बोलायच्या आत फोन वाजला. धाकटी पदराला हात पुसत आली, फोन स्क्रीनला टेकवून उभा केला. त्यात नात, आईच्या मांडीवर, ओठ काढून. धाकटीने मशीनवर काय लिहिलंय ते बघितलंच नाही, तिचे डोळे फोनवर होते. बटण दाबलं.

“एक ज्याडं मांज्यर—”

नातीने कानांवर हात ठेवले. “नको ती बाई. आई, नको.”

लेक म्हणाली, “आई, राहू दे आज. बंद करते.”

धाकटीने एक बोट वर केलं, थांब म्हणून. मग स्क्रीनकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं. भाऊजी मागेच उभे होते. “मीच केलं,” म्हणाले, जणू बक्षीस मिळणार होतं.

मशीनमध्ये आणखी एक सोय असते. केलेलं मागे घ्यायची. डाव्या कोपऱ्यातलं एक बटण धरायचं आणि त्याच्या वरच्या ओळीतलं एक दाबायचं. धाकटीने ते दाबलं. शेवटच्या ओळीतला एक च पुसला गेला आणि त्स परत आला. पुन्हा दाबलं, एका ज खाली टिंब आलं. ती दाबत राहिली, टक, टक, टक, आणि भाऊजींनी सकाळभर बसून केलेली एकेक दुरुस्ती त्यांच्या डोळ्यांदेखत उलटी पळायला लागली. जन्मभर माणसांनी यांच्या दुरुस्त्या मान खाली घालून सोसल्या, मशीनने एका दमात परत केल्या.

“अगं, काय करतेस,” भाऊजी म्हणाले, “माझं सगळं काम—”

धाकटीने खाली एक नवीन ओळ लिहिली आणि बटण दाबलं. आतली बाई अगदी शांतपणे, आमच्या घरातल्या च-ज मध्ये म्हणाली:

“तुम्ही ज़रा गप्प बसा.”

फोनमधून खुदकन आवाज आला. नातीने कानांवरचे हात काढले होते. “आजी बोलली,” ती आईला म्हणाली. “आजी आजोबांना बोलली.”

मग गोष्ट झाली. मांजराने जोडे घातले, जिना चढलं, गच्चीवर गेलं. लिहून ठेवलेलं तिथे संपलं. नातीने विचारलं, “मग कुठे गेलं?” आणि आता धाकटीला नवीन लिहावं लागणार होतं. माऊसने एकेक अक्षर टिपायचं, वेळ लागतो. मला धास्ती, पोर आता उठेल. ती उठली नाही. आईच्या मांडीवर तशीच, गाल हातात धरून, आजीच्या बोटाकडे बघत बसली. आधीही आजी पुढचं आठवायला अशीच थांबायची.

भाऊजी अजून मागे उभेच होते. धाकटी लिहीत होती, ‘त्सांदोबाकडे’. त्यांचा हात पुढे आला, तर्जनी स्क्रीनकडे निघालेली. मग कसं कोण जाणे, ती अर्ध्यावर थांबली आणि हात पायजम्याच्या खिशात गेला.

लेक मला नंतर म्हणाली, “मोठी काकू, बाबा सुधारले गं.” मी तिला म्हटलं, बाई, हात खिशात घालायला फार अक्कल लागत नाही. पण गोष्ट संपेपर्यंत तो तिथे राहिला, एवढं खरं.