हॅलोकाकांचा हात

‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग’ म्हणता म्हणता त्या माणसाचं खरं नावच पुसलं गेलं. उरले ते हॅलोकाका. लग्न असो, नाटक असो, निवडणुकीची सभा असो, माईक आणि भोंगे त्यांचेच. सभाभर त्यांचा उजवा हात मशीनच्या बटणावर असायचा. भोंग्यातून शिट्टी वाजू लागली की आवाज कमी, बोलणाऱ्याचा घसा बसला की जास्त. भाषण कसं झालं विचारलं, तर म्हणायचे, आवाज छान आला. घ्या! काकू कपाळाला हात लावायच्या.

एकच सभा त्यांना शब्दांसकट आठवायची. गिरणीतल्या बायका संपावर होत्या आणि पोलीस साहेबानं माईक बंद करायला फर्मावलं. काका म्हणाले, माईक ज्यानं घेतला त्याचा, बंद करणारा मी कोण? पाठीवर दांडकी बसली, पण बटणावरचा हात काही हलला नाही. पुढं मशीन जप्त करायला माणसं आली, तेव्हा पुलापलीकडच्या घड्याळवाल्यानं ते आपल्या कपाटामागं लपवलं. तेव्हापासून दोघं जिवाभावाचे दोस्त. घड्याळवाला भिंग लावून बारीक ते मोठं करून बघतो आणि मी बारीक आवाज मोठा करतो, म्हणजे धंदा एकच, असं काका चेष्टेनं सांगायचे.

पुलापलीकडचे लोक दोन पिढ्यांपूर्वी बाहेरून आलेले. बोलण्यात जरा हेल, एवढाच काय तो फरक. त्यापायी कोणाचं काही अडलं नव्हतं. मग कामं आटली, आणि रिकाम्या माणसांना बोटं मोडायला कोणीतरी हवंच असतं.

त्या संध्याकाळी मैदानात सभा होती. समोरच्या इमारतीवर आपटून आवाज परत येत होता, म्हणून काकांनी एक भोंगा पुलाकडे वळवला. त्यात काही वावगं नव्हतं, रोजचंच काम. बोलणारा तरुण, तोंडात साखर घेऊन आलेला. हळूहळू साखर विरघळली. पुलापलीकडची माणसं म्हणजे घराला लागलेली वाळवी, म्हणाला, आणि वाळवीची कोणी समजूत घालत नाही, जाळतात.

या खेपेला शब्द काकांच्या कानात शिरले. पण बंद करणारा मी कोण? तेवढ्यात त्या तरुणाचा घसा बसला, शब्द फुटेनात. आणि काकांच्या हातानं, इतक्या वर्षांच्या सवयीनं, बटण फिरवलं.

सभा उठली ती सरळ पुलावर गेली. घड्याळवाल्याचं दुकान पेटलं. लोकांनी दुरुस्तीला दिलेली घड्याळं वाचवायला तो वेडा आत शिरला. त्यातली निम्मी पुलाच्या अलीकडच्यांचीच होती. घड्याळं गेली ती गेलीच, दोन्ही हातही पार भाजले.

चहाच्या टपरीवर सगळे काकांना समजावत होते. तुमचा काय दोष? आज याचा माईक बंद केला असतात, तर उद्या त्या बायकांचाही करायला लावला असता. बोलणं खोटं नव्हतं. काका इतकी वर्षं हेच तर सांगत आले होते. तरी त्या दिवशी चहा तसाच टाकून ते उठले.

दवाखान्यात जायला त्यांना धीर गोळा करावा लागला. घड्याळवाला खाटेवर पडून होता, कोपरापर्यंत पट्ट्या. डॉक्टर म्हणाले होते, जीव वाचला, पण या बोटांनी पुन्हा बारीक काम व्हायचं नाही. काकांनी काकूंनी दिलेली पेज पुढं ठेवली.

मग घड्याळवाला म्हणाला, “मी दुकानात बसून सगळं ऐकत होतो. तू बंद करायला हवं होतंस असं नाही म्हणत मी. तुझं तत्त्व मला ठाऊक आहे, त्यापायी तू मार खाल्लायस. पण मध्येच त्याचा घसा बसला. मला वाटलं, सुटलो. आता हे पुलापर्यंत यायचं नाही.” तो थांबला. “आणि मग आवाज एकदम खणखणीत झाला. वाढवलास का रे?”

काकांनी पाण्याचा पेला उचलून मित्राच्या ओठांशी नेला. घड्याळवाल्यानं पेला धरलेला तो उजवा हात नुसता पाहिला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.