माझा खलनायक बदलला कोणी?

मंडळी, दुपारपासून डोकं सुन्न आहे!

आज नातीसोबत अमरावतीत पिक्चर पाहिला. माझ्या लहानपणच्या कॉमिक्समधला हिरव्या मुखवट्याचा बदमाश त्यात चक्क गरिबांचा कैवारी! मी तिथंच तणतणलो, "ओळखीचा खलनायक असा बदलायचा हक्क या सिनेमावाल्यायले देला कोणी?"

नात म्हणे, "आबा, मूळ कॉमिक्सच्या पुस्तकात तो पहिल्यापासून चांगलाच आहे."

मले काही पटेना. अकोल्याले अक्काले, म्हणजे मोठ्या बहिणीले, फोन लावला. साठ-बासष्ट साली जुन्या शहरात आमचं फुलांचं दुकान होतं. पुड्या बांधायच्या रद्दीत इंग्रजी कॉमिक्स निघायचे. फाडायच्या आधी अक्का ते आमाले वाचून दाखवे. मुखवटेवाला पोरं पळवते, हे तिनंच सांगितलेलं.

अक्का हसत सुटली. "अरे बावा, मले इंग्रजी कुठं येत होती? चित्रं पाहून सांगत होती मी. तोंड झाकलं, म्हणजे चोरच असन!"

साठ वर्षं मी एका भल्या माणसाचा राग केला!

सिनेमावाल्यायले शिव्या द्यायले दुपारी रागात लिहिलेली पोस्ट पुसून टाकली. पण खरं सांगू? मले अजूनही अक्काचाच चोर खरा वाटते. मग पात्र बदलायची मुभा फक्त बहिणीलेच द्यावी का?