खऱ्या पानांची श्रेणी

लेक तिसरीत असताना शाळेतून प्रकल्प आला: परिसरातल्या पाच झाडांची पानं वहीत चिकटवा. अक्कलकुव्यात आमच्या घरामागेच डोंगर. रविवारी आम्ही मायलेकी साग, पळस, मोह, टेंभुर्णी आणि कडुनिंबाची पानं घेऊन आलो. पोर दिवसभर प्रत्येक पान हुंगून बघत होती.

आठवड्याने वही परत आली. श्रेणी ब-२. मी तडक शाळेत गेले.

"पानं वाळून वही फुगलीय," बाई म्हणाल्या. "ही बघा, किती नीटनेटकी."

त्या अ-१वाल्या वहीत स्टेशनरीच्या दुकानातला छापील तक्ता कापून चिकटवला होता. त्यात सफरचंदाचं पान होतं. माझं डोकंच फिरलं आणि तोंडातून थेट घरची अहिराणी बाहेर पडली, "बाई, आपला गावमा सफरचंदनं झाड कोठे शे?"

"ताई, वरून तपासायला येतात. वही चांगली दिसायला नको का?"

यंदा प्रकल्प फुलांचा आहे. दारातली जास्वंद तोडायला मी हात वर केला, तशी पोर घाबरून ओरडली,

"आई, खरं नको! खऱ्याला ब-२ देतात."