सिस्टर आणि त्यांची बिनधुराची गाडी

नळ आले की अमरावतीत माणूस माणसात राहत नाही. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी मीही राहिलो नाही. आमच्या चार बिऱ्हाडांच्या इमारतीतला पाण्याच्या मोटरीचा सॉकेट आदल्याच दिवशी जळाला होता. पाणी हातचं जाईल या धसक्यानं मी पार्किंगमधल्या दुसऱ्या सॉकेटातली पिन उपटली, मोटरीची खोचली, आणि टाकी भरल्यावर विजयी मुद्रेनं जेवायला बसलो. उपटलेली पिन सिस्टरच्या विजेवरच्या गाडीची होती. ती परत लावायची राहून गेली.

सिस्टर म्हणजे आमच्या तळमजल्यावरच्या शेजारीण, सरकारी दवाखान्यात मुलांच्या वॉर्डातून निवृत्त झालेल्या. दारावर त्यांच्या नावाची पाटी होती, पण ती कुणी वाचल्याचं मला आठवत नाही. उभी गाडी चालू ठेवलेली त्यांना खपायची नाही. कुणी एसी लावून बायकोची वाट पाहत बसला, की काचेवर टकटक. "भाऊ, बंद करा ते. धूर निघते तुमच्या मागून, अन् जाऊन बसते लेकराच्या छातीत. तीस वर्सं मी तेच खोकले ऐकले." काचेच्या आत बहुतेक वेळा मीच असायचो.

गुडघे गेल्यावर डॉक्टरांनी त्यांना क्लच दाबायला मनाई केली. आता गाडी विकतील, असं आम्हाला वाटलं. त्यांनी विकलीही, आणि क्लचच नसलेली घेतली. मी तिला खेळणं म्हणायचो. वर पेपरात वाचलेला मुद्दा फेकायचो, "पण सिस्टर, वीज तरी कोळशाचीच ना?"

"हाय ना. पण तिथं एक चिमणी हाय, तिच्यावर लक्ष ठेवता येते. इथं तर ज्याच्या-त्याच्या मागं एकेक चिमणी." मग लगेच, "बरं, तब्येत कशी हाय?"

"ठीक आहे."

"तुमची नाही हो, गाडीची."

माझी डिझेल गाडी त्या महिन्यात तिसऱ्यांदा गॅरेजात होती.

तर पिन. मला ती आठवली दुसऱ्या दिवशी उजाडताना. धावत खाली गेलो, मोटरीची काढली, गाडीची लावली आणि साळसूदपणे चहा प्यायलो. आठला सिस्टर दारात. "अकोल्याले चालली. दादाचं हृदयाचं ऑपरेशन हाय, अकराले आत नेतात. त्याले माझ्याशिवाय कोणी नाही, अन् मले पाह्यल्याबिगर आत जात नाही म्हणते. येता का सोबत?"

रजा टाकून निघालो. गाडीच्या पडद्यावर आकडा होता चाळीस टक्के. अकोला शंभर किलोमीटर.

"रात्री लाईट गेली होती वाटते," सिस्टर म्हणाल्या.

"हो ना, बराच वेळ," मी म्हणालो.

सिस्टरनी एसी बंद केला. मे महिना, वऱ्हाड, काचा उघड्या आणि वेग पन्नास. सलाईन सोडावं तशी थेंबाथेंबानं त्यांनी गाडी चालवली. मागून ट्रकवाले ठणाणा करत होते. उतार आला की म्हणायच्या, "पाहा, उतारावर थोडी भरते परत." मूर्तिजापूरच्या पुढे एका पंपावर चार्जर होता, तो बंद. मला घाम फुटला. म्हणजे होता त्यावर आणखी फुटला. मी नाही-नाही ते नवस बोलायला लागलो.

"बोलू नका भाऊ, तुमचंच चार्जिंग उतरून राहिलं."

खरं सांगून टाकायला मी तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा नेमका ट्रक आडवा आला, असं मी अजूनही स्वतःला सांगतो.

पावणेअकराला पोचलो. पडद्यावर तीन टक्के. दादांना स्ट्रेचरवर घेतलेलं होतं. "आली का बाई? डॉक्टरले म्हटलं, थांबा जरा, बहिणीची गाडी धूर सोडत नाही, म्हणून दुरून दिसत नाही." सिस्टरनी दादांचं मनगट धरलं आणि सवयीनं नाडी मोजायला लागल्या. मोजून झाल्यावरही हात सोडला नाही. मी भिंतीकडे तोंड करून सूचनाफलक वाचत उभा राहिलो. त्यावर काय होतं ते विचारू नका.

दादा बरे झाले. त्यांच्याजवळ राहायला सिस्टर अकोल्याला गेल्या त्या गेल्याच, गाडीही गेली. आता आमच्या गल्लीत लोक खुशाल गाड्या चालू ठेवून बसतात आणि काचेवर कुणी टकटक करत नाही. गेल्या हिवाळ्यात मी डिझेल गाडी विकून विजेवरची घेतली. पर्यावरणासाठी घेतली, असं मी ऑफिसात सांगतो. गॅरेजवाल्याला खरं कारण माहीत आहे.

नवी गाडी पहिल्यांदा चार्जिंगला लावली, त्या दिवशी मला राहवलं नाही. मेथी निवडत बसलेल्या बायकोजवळ त्या पिनेची कबुली देऊन टाकली.

तिनं वरही पाहिलं नाही. "सिस्टरना त्याच सकाळी माहीत होतं. तुम्ही चोरासारखे पिना बदलत होतात, ते मी गॅलरीतून पाहिलं आणि जाऊन सांगितलं त्यांना. तर म्हणाल्या, 'राहू द्या वहिनी, लाजवू नका त्याईले. घेऊन जाते सोबत. गाडी थांबली तर ढकलाले कोणी पाहिजे.'"